सहा वेढे

व्हॉल्व्हवरची नावं पुरानं नेली.
शाहूपुरीत, नाल्याकडच्या त्या गाळ्यात
छातीएवढं पाणी पाच दिवस बसून राहिलं
आणि बागवान रेडिओवाल्यांची खोकी
लगदा होऊन फळ्यांना चिकटली.
काच मात्र शाबूत.
त्यांच्या लेकीनं, शमशादनं, पिशवी पुढं केली,
"बघा काका, कुठला कोण ते तुमचं तुम्ही ओळखा."

नऊ पिना. डोक्यावर पाऱ्यासारखा डाग.
डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली,
तो गेला.
सातांतले तीन गेले होते.
उरलेल्या चारांतून जोडी लावायची,
तालमीत वस्ताद लावतो तशी,
वजनाला वजन, दमाला दम.
दोन दिवस मीटरच्या काट्याकडं बघत बसलो.

पत्र्याला भोकं पाडून घेतली उद्यमनगरात,
पंपाचे इंपेलर घासणाऱ्या पोराकडून.
पैसे नको म्हणाला. फक्त विचारलं,
"कशाला ओ हे? मोबाईल हाय की."

पण ट्रान्सफॉर्मर
इलाहीशिवाय कोण गुंडाळणार?
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
साखर कारखान्याच्या मोटारी, एक कोटेशन, एक शून्य.
दुकानाच्या मधोमध प्लायवूड ठोकलं,
वाईंडिंगचं मशीन त्याच्याकडं गेलं,
मीटर माझ्याकडं राहिले,
शटर एकच.

मी कोअर आणि तांब्याच्या तारेचं रीळ
प्लायवूडवरून पलीकडं ठेवलं.
चिठ्ठीवर लिहिलं: दोन अर्धं, मधनं टॅप,
दोन्हीकडं वेढे सारखे.
नमस्कार वगैरे लिहिला नाही.

तो मोजत होता ओठांतल्या ओठांत,
मी मोजत होतो अलीकडून, मशीनच्या टकटकीवर.
माझ्या मोजणीत उजवा अर्ध
सहा वेढ्यांनी कमी भरला.
त्याची चिठ्ठी आली: सारखे.

तीनशे व्होल्ट. डावा हात खिशात.
एक हात खिशात असला की माणूस संध्याकाळी घरी जातो,
हे बागवानांनीच शिकवलेलं,
त्यांच्या अंगठ्यावर जळका चट्टा होता.

बटण दाबलं.
आधी काहीच नाही,
मग काचेच्या तळाशी
फुंकर मारलेल्या निखाऱ्याचा रंग.
आणि गुणगुण.

आता हे सांगायला अवघड आहे.
पहिला व्हॉल्व्ह एका आवाजाचे दोन करतो,
एक सुलटा, एक उलटा.
पुढची जोडी तो दोन टोकांनी धरते,
हा ढकलतो तेव्हा तो ओढतो,
टिंबर मार्केटात लाकूड कापणाऱ्या दोघांसारखं,
करवत एकच.
आणि विजेची खरखर, जी दोघांकडं
एकाच वेळी, एकाच दिशेनं येते,
ती तांब्यात समोरासमोर येऊन पुसली जाते.
दोघांत जे सारखं, ते ऐकू येत नाही.
ऐकू येतं ते उलटं असलेलं.

बायसचा स्क्रू केसभर फिरवला.
गुणगुण बसली. पण पुरती नाही.
सहा वेढे, मी मनात म्हटलं,
बहुतेक मोठ्यांदाच म्हटलं.

पलीकडून आवाज आला,
अकरा वर्षांनी, तंबाखूसकट,
"अर्थिंग बघ की आधी."

बघितलं.
स्क्रूखाली रंग राहिला होता. खरवडला.
गुणगुण गेली.

सांगली केंद्र लागलं. कुणाचं गाणं नाही, बाजारभाव:
गूळ, हळद, भुईमूग शेंग.
सांगणाऱ्या बाईंनी पान उलटलं
तो कागद ऐकू आला,
आणि हळदीआधी
त्यांनी घेतलेला श्वास.

मी तसाच उभा, डावा हात अजून खिशात.
पलीकडं मशीन थांबलं. बराच वेळ थांबलं.
मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल.

"बारीक कर जरा," इलाही म्हणाला,
"मोजतोय हिकडं."